पिवळे ॲरामिड हातमोजे: उन्हाळ्यापासून कापूस वेचणीपर्यंतचा अनुभव

हिंगणघाटकडच्या एका गावात माझं वेल्डिंगचं आणि शेतीअवजारांचं दुकान आहे. वखराच्या पासा तापवून ठोकणं, कल्टिव्हेटरचे फाळ, ट्रॉलीचे हूक, असं काम. त्यासाठी ॲरामिडचे (उष्णता सोसणारा कृत्रिम धागा) विणलेले पिवळे हातमोजे उन्हाळ्याच्या तोंडावर घेतले होते. आता कापूस वेचायला आलाय, तेव्हा नीट सांगता येईल.

उष्णतेबद्दल माझी काहीही तक्रार नाही. नायलॉन 220 अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टर 260च्या आसपास, आणि वितळलेलं कातडीला चिकटलं की जखम खोल जाते. ॲरामिड वितळतच नाही. 450 ते 500 अंशांच्या दरम्यान त्याचं विघटन होतं. तापलेला दांडा पटकन उचलून ऐरणीवर ठेवायला यापेक्षा चांगली वस्तू मी वापरलेली नाही.

पण हे मोजे आगीने गेले नाहीत, उजेडाने गेले. एक जोड अंगणातल्या टिनाच्या छपरीत खुंटीवर असायचा, दुपारनंतरचं ऊन थेट त्याच्यावर. दुसरा आत, काचेच्या खिडकीपाशी. तिसरा लोखंडी पेटीत. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45च्या वर जातो, तेव्हा पेटीतला जोडही चांगलाच तापत असणार. तरी तो आजही पिवळा आणि चिवट आहे. खुंटीवरचा आधी सोनेरी, मग तपकिरी झाला आणि बोटांच्या बेचक्यात उसवायला लागला. दुकानातल्या पोराने विचारलं, "भाऊ, काऊन फाटले हे? आग त लागली नाई."

त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. 300 अंश तापमानाला रेणूंची सरासरी उष्णऊर्जा मोलमागे (मोल म्हणजे रेणूंची एक ठरलेली संख्या) 5 किलोज्यूलच्या घरात असते. 300 नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश मात्र मोलमागे सुमारे 400 किलोज्यूल घेऊन येतो. साधा कार्बन-कार्बन बंध तोडायला 350च्या आसपास पुरतात. उष्णता म्हणजे सगळं झाड हलवणं, अतिनील प्रकाश म्हणजे एकाच फांदीवर कुऱ्हाड. म्हणून 'उष्णतारोधक' असं वेष्टनावर छापलं असलं, तरी ऊन सोसण्याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

पण बंध तुटायला प्रकाशात तेवढी ऊर्जा असून भागत नाही. दुसरी अट अशी की पदार्थाने तो प्रकाश शोषला पाहिजे. जो शोषला जात नाही, तो काही तोडत नाही. ॲरामिडच्या रेणूच्या लांब साखळीत बेंझिनची कडी (सहा कार्बनचं कडं) आणि अमाइड बंध (कार्बन-नायट्रोजनचा जोड) एकाआड एक असतात. उष्णता सोसायचं बळ याच रचनेतून येतं, आणि उजेड शोषण्याची खोडही हिच्यातूनच. सूर्यप्रकाशातला साधारण 300 ते 450 नॅनोमीटरचा पट्टा ॲरामिड शोषतं. म्हणजे अतिनीलच नाही, जांभळा-निळा दिसणारा उजेडही त्यात आला. हवेतला ऑक्सिजन तुटलेली टोकं पुन्हा जुळू देत नाही. खिडकीची काच 320 नॅनोमीटरच्या खालचं बरंचसं अडवते, पुढचं आत सोडते. त्यामुळे खिडकीतला जोड टिकला जास्त, पण रंग त्याचाही गेला आणि बोटांची टोकं विरली.

वेल्डिंगचा आर्क तर आणखी तिखट. जमिनीवर पोचणारं ऊन साधारण 290 नॅनोमीटरपासून सुरू होतं, कारण त्याखालचं ओझोनचा थर गिळतो. आर्क हातभर अंतरावर असतो, तिथे ओझोनचा थर कुठला? 200 ते 280 नॅनोमीटरचा पट्टाही थेट हातावर येतो. म्हणून नुसते विणलेले मोजे वेल्डिंगला वापरू नका. वर चामडं हवंच.

सगळे उष्णतारोधक पॉलिमर (लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ) असे नसतात. टेफ्लॉन उन्हातला प्रकाश शोषतच नाही, म्हणून बाहेर वर्षानुवर्षं राहतं. सिलिकॉन रबरचा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध मजबूत, तेही उन्हात चांगलं राहतं. शेतात ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, ते उजेड अडवायलाच: प्लास्टिकमध्ये 2 ते 2.5 टक्के कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घातलेलं असतं आणि प्रकाश वरच्या थरातच अडतो. ॲरामिडमध्येही बाहेरचे धागे उजेडाने खराब होत आतल्यांना थोडी सावली देतात, म्हणून जाड विणीचा मोजा पातळ मोज्यापेक्षा जास्त टिकतो.

खरेदी करताना शिवण बघा. चामड्याच्या वेल्डिंग मोज्यांची शिवण पुष्कळदा ॲरामिडच्याच धाग्याची असते. धागा बारीक असल्याने उन्हात तीच आधी जाते. शिवणीवर चामड्याची पट्टी असलेला जोड थोडा महाग पडला तरी घ्यावा. जुन्या जोडाचा रंग बदलला एवढ्यावरून तो फेकू नका. धागा ओढून बघा, सहज तुटला तर मात्र तो मोजा गरम लोखंडाला लावू नका. माझे नवे मोजे आता पेटीतच राहतात, काम सुरू झालं की निघतात आणि काम संपलं की झाकणाखाली जातात.