ऑर्गॅनिक मॅप्स: बडोद्यात हात बसवला, इस्तंबूलमध्ये कामी आला

दिवाळीच्या आधीपासून हे अ‍ॅप वापरतेय. आधी बडोद्यात, मग इस्तंबूलमध्ये, आता परत बडोद्यात. परक्या शहरात पायी फिरणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सुचवीन. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि त्या भागाचा नकाशा एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे जगभरच्या लोकांनी आपापल्या गल्ल्या भरून तयार केलेला.

निघायच्या आधी रात्री जेवणं आटोपली की आम्ही दोघं इस्तंबूल उघडून बसायचो. रस्ते पाठ करायला नव्हे, शहराची ठेवण समजून घ्यायला. आपल्या बडोद्याच्या जुन्या शहरात पत्ता मधला मांडवी दरवाजा धरून सांगतात: पाणीगेटकडे की लहेरीपुऱ्याकडे? इस्तंबूलमध्ये मांडवीचा मान पाण्याला. बॉस्फरसच्या पश्चिमेला युरोप, पूर्वेला आशिया. युरोपच्या बाजूलाही हालिच नावाची खाडी आत शिरते. तिच्या दक्षिणेला जुनं शहर, उत्तरेला गलाता, मध्ये पूल. एवढं डोक्यात बसलं आणि तिथे वाट चुकण्याची भीतीच गेली.

अ‍ॅपची खरी किंमत कळली ती चढावर. पाण्याकाठच्या काराकोयहून गलाता मनोरा नकाशात हाकेच्या अंतरावर दिसतो. पण पायी मार्ग मागितला की खाली चढ-उताराचा आलेख येतो, आणि इथे ती रेघ वरच वर जाते. ह्यांचे गुडघे दुखतात. म्हणून आम्ही ट्युनेल धरली. १८७५ पासूनची ही भुयारी रेल्वे, लंडनच्या खालोखाल जुनी. दोनच स्थानकं, बसतो न बसतो तोच वर. तिथून गालिप देदे रस्त्याने मनोऱ्याकडे निवांत उतरत आलो. रस्ताभर वाद्यांची दुकानं. एका दारात एक मुलगा ऊदच्या तारा बदलत होता. खुंटी पिळायची, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा पिळायची. ज्या बडोद्यात गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा सुरू केली, तिथली माणसं पुढे कशी सरकणार? तार सुरात येईपर्यंत उभे राहिलो.

बोटींचे मार्गही नकाशात आहेत. एमिनोन्यूहून काडिकोयला जाताना आपला बाण पाण्यावरून आशियाकडे सरकताना बघायला फार आवडायचं मला.

रहदारीची ताजी स्थिती किंवा बसच्या वेळा मात्र यात मिळत नाहीत, आणि दुकानांच्या वेळांवर विसंबू नये. कापालीचार्शी, म्हणजे तिथल्या मोठ्या बाजारात, छताखाली जीपीएस भरकटतं. तिथे फोन पर्समध्ये ठेवावा आणि ज्या दरवाज्याने आत शिरलो त्याचं नाव धरून ठेवावं. आमचा नुरुओस्मानिये होता. विचारलं की कोणीही दुकानदार हाताने दिशा दाखवायचा. फोन दिवसभर हातात असतो, तेव्हा पॉवर बँक जवळ हवीच.

परत आल्यापासून दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जागा मी स्वतः नकाशात भरतेय. ओपनस्ट्रीटमॅपचं खातं फुकट निघतं, मग अ‍ॅपमधूनच भरता येतं. दुकानं भरणारे बरेच असतात. तुम्ही पिण्याचं पाणी, स्वच्छतागृहं आणि बसायचे बाक भरा; गुडघे दुखणाऱ्या पाहुण्याला आधी तेच शोधावं लागतं.