बाळंतपणानंतर पुन्हा तपासलेला घसा: एका प्रसूतिगृहातील भूलसेवेचा अनुभव

माझ्या मुलीचे दुसरे बाळंतपण गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावातील एका खासगी प्रसूतिगृहात झाले आणि दुसऱ्या दिवशी तिथेच तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही झाली. मी स्वतः अठ्ठावीस वर्षे प्रसूतिकक्षात परिचारिका होते. त्यामुळे खोली आणि जेवण यांपेक्षा, जे तिथे चांगलेच होते, माझे लक्ष भूल देण्याच्या व्यवस्थेकडे अधिक होते.

नववा महिना लागल्यावर भूलतज्ज्ञांनी तिला तपासले होते. बसवून, तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर काढायला लावायची आणि घशात काय काय दिसते ते पाहायचे, ही तपासणी शेषगिरी मल्लमपाटी यांनी १९८५ साली मांडलेल्या वर्गवारीवर आधारलेली आहे. आज तिचे चार वर्ग मानतात. वर्ग जितका वरचा, तितकी पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणे अवघड जाण्याची शंका अधिक. तेव्हा मुलीची पडजीभ स्पष्ट दिसत होती, म्हणून कागदावर दुसरा वर्ग लिहिला गेला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी डॉक्टर पुन्हा बॅटरी घेऊन आले. वॉर्डातील सिस्टर म्हणाल्या, नोंद फाइलमध्ये आहे. त्यावर ते म्हणाले, "तो घसा कळांच्या आधीचा आहे, ताई. आजचा आज बघू." मीही वाकून पाहिले. पडजिभेचे फक्त मूळ दिसत होते आणि टाळूची कड फुगीर, ओलसर लाल झाली होती. वर्ग तिसरा झाला होता.

नोकरीच्या काळात नवव्या महिन्यातील नोंदीवर विसंबून बाळंतिणीला टेबलावर घेतलेले मी अनेकदा पाहिले आहे, म्हणून या दोन मिनिटांचे मोल मला फार वाटते. गर्भारपणात घशाच्या आतल्या त्वचेला मुळातच सूज असते. त्यात तासन्‌तास जोर करणे, सलाइन, आणि कळा वाढवणारे ऑक्सिटोसिन बराच वेळ चालले तर त्यामुळे अंगात साठणारे पाणी यांची भर पडते. रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीत ती आणखी असते. बाळ बाहेर आले म्हणजे सूज लगेच ओसरली असे होत नाही. दोन दिवसांनीही काही जणींचा घसा पूर्ववत झालेला नसतो. वार अडकली किंवा रक्तस्राव वाढला आणि घाईने पूर्ण भूल द्यावी लागली, तर नेमका हाच घसा समोर येतो.

मुलीला कमरेतून भूल दिली. तरीही श्वासनलिकेसाठी साडेसहा आणि सहा नंबरच्या बारीक नळ्या काढून ठेवल्या होत्या, नळी घालताना घसा पडद्यावर दाखवणाऱ्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपचा पडदा चालू करून पाहिला होता आणि डोके व खांदे उंच राहावेत म्हणून चादरींच्या घड्या आधीच रचल्या होत्या. यांपैकी काहीच वापरावे लागले नाही. भुलीचे शुल्क आदल्या दिवशी सांगितले होते आणि बिलात तेवढेच लागले.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. रात्री दहापासून पाण्याचा घोटही दिला नाही आणि शस्त्रक्रिया सकाळी साडेअकराला सुरू झाली. साधे पाणी नियोजित शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत सहसा चालते. वेळ पुढे गेल्यावर निदान डॉक्टरांना विचारायला हवे होते, कारण अंगावर पाजणाऱ्या आईचे ओठ सुकलेले पाहणे सोपे नसते. दुसरे म्हणजे, डिस्चार्ज कार्डावर घशाविषयी एक अक्षरही नव्हते. मी विचारल्यावर डॉक्टरांनी तिथेच उभे राहून दोन्ही तारखा आणि दोन्ही वर्ग स्वतःच्या हाताने लिहून दिले. ही जागा छापील कार्डावरच असावी, असे मी प्रसूतिगृहाला लेखी कळवले आहे.