वर्ल्डव्ह्यूवर धुराचा माग: सगळं फुकट, पण घड्याळ डोकं खातं

वणव्यांचा धूर दाखवणारं, वर्गणी घेणारं एक अ‍ॅप खालची हवा स्वच्छ असतानाही दिवसभर शहरावर लाल पट्टा दाखवत राहिलं. त्याला रामराम करून उपग्रहांची चित्रं दाखवणाऱ्या नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर मुक्काम हलवला, त्याला आता वणव्यांचे दोन हंगाम झाले. लॉगिन नाही, पैसे नाहीत. ओळख करून देत बसत नाही, थेट तक्रारीवर येतो.

तक्रार घड्याळाची. सगळी वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. उन्हाळ्यात टोरांटो किंवा न्यू जर्सीत रात्रीचे 8 वाजले की वर्ल्डव्ह्यूवरची तारीख पालटते. व्हँकुव्हरला तर संध्याकाळी 5 लाच. आणि धूर सर्वांत छान दिसतो तो नेमका मावळतीच्या उन्हात! म्हणजे आजची संध्याकाळ बघायची तर उद्याची तारीख टाका. नवा माणूस आजच्या तारखेवर शोधतो आणि 'धूर गेला' म्हणून खिडक्या उघडतो.

दुरुस्ती: 'अ‍ॅड लेयर्स'मध्ये 'जिओकलर' (डोळ्यांना दिसतं तशा रंगांतलं चित्र) शोधून गोज-ईस्ट या पूर्वेकडच्या अमेरिकी उपग्रहाचा थर घ्या. दर 10 मिनिटांना एक चित्र येतं. ओंटारिओसाठी (टोरांटोचा प्रांत) अ‍ॅनिमेशन 20:00 पासून दुसऱ्या तारखेच्या 01:00 पर्यंत लावा. तिथल्या घड्याळात दुपारी 4 ते रात्री 9. साधारण तीस चित्रं होतात, फोनच्या डेटावर चालवू नका.

पहिल्या महिन्यात 'दुपारी थर नीट लोड होत नाही' असा शेरा लिहून ठेवला होता. तो मागे घेतो. दुपारी विरळ धूर पुसटच दिसतो. धुराचे बारीक कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला विखुरतात. सूर्य डोक्यावर असला की त्यातला फार थोडा परत उपग्रहाकडे येतो. म्हणून कॅनडातल्या मॅनिटोबा, सास्काचेवानसारख्या मधल्या भागासाठी सकाळी पश्चिमेकडचा जोडीदार गोज-वेस्ट आणि संध्याकाळी गोज-ईस्ट पाहावा. उपग्रह सूर्याच्या समोरच्या बाजूला हवा.

रात्रीचा जिओकलर मात्र फसवा. तो इन्फ्रारेडवर चालतो, आणि त्या लांबीच्या लहरी धुरातून आरपार जातात. शहरांचे लखलखते दिवे आधीच्या नोंदींवरून चिकटवलेले असतात, त्या रात्रीचे नव्हेत. दिवे स्वच्छ दिसतात म्हणून हवा स्वच्छ, हा हिशेब चुकीचा.

ढग की धूर, हे ओळखायला टेरा किंवा अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या उपकरणाचा 7-2-1 बँडांचा (प्रकाशपट्ट्यांचा) थर चालू-बंद करून पाहा. तिथे विरळ धूर जवळजवळ नाहीसा होतो, दाट असेल तर निळसर झाक राहते. पाण्याचे ढग पांढरे, बर्फाचे फिकट निळसर-हिरवे. सरावाला 7 जून 2023 ही तारीख घ्या: क्वेबेकचा धूर न्यूयॉर्कवर उतरलेला, आणि ईशान्येला किनाऱ्याजवळ त्याला दक्षिणेकडे ढकलणारा कमी दाबाचा भोवरा. तेव्हाचे गोजचे थर इथे मिळाले नाहीत, तरी मोडिसचं जुनं मिळतं.

आता खरी मर्यादा, जिच्यावर घड्याळापेक्षा जास्त लिहायला हवं होतं. वरून काढलेल्या चित्रात धूर जमिनीलगत आहे की चार-पाच किलोमीटर वर, ते कळत नाही. ओएमपीएस या उपग्रही उपकरणाचा एरोसोल इंडेक्स (हवेतल्या कणांचा निर्देशांक) थोडी मदत करतो: त्याचे ठोकळे ओबडधोबड असतात, पण तो ढगांवरचा धूरही पकडतो आणि उंचावरच्या धुरालाच जास्त दाद देतो. चित्रात दाट, इंडेक्समध्ये फिका, तर धूर खाली असण्याची शक्यता. नुसती शक्यताच. पक्कं करायला एचआरआरआर-स्मोक या धुराच्या अंदाजाच्या अमेरिकी मॉडेलचे दोन नकाशे शेजारी ठेवा, जमिनीलगतचा आणि संपूर्ण उंचीचा, आणि मग एअरनाऊ या हवेच्या दर्जाच्या अमेरिकी संकेतस्थळावर जवळच्या केंद्राचा पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) आकडा बघा. सूर्य नारिंगी पण आकडा कमी, तर धूर डोक्यावरून चाललाय. खिडकी उघडी चालेल, आकडा तासातासाने पाहत राहा.

भारतातून पंजाबच्या पराळीचा (कापणीनंतर जाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा) धूर बघणाऱ्यांनी एवढ्या अपेक्षा ठेवू नयेत. वर्ल्डव्ह्यूवरचा हिमावरी या जपानी उपग्रहाचा थर भारताला अगदी चित्राच्या कडेला पकडतो. भरवसा ध्रुवीय (ध्रुवांवरून फेऱ्या मारणाऱ्या) उपग्रहांच्या दुपारच्या फेरीवर, आणि ती उलटून गेल्यावर पेटवलेली शेतं रात्रीच्या फेरीपर्यंत विझलेलीही असतात.