टर्बो बदलला म्हणून ७२ हजार घेतले आणि माझाच टर्बो रंगवून परत बसवला

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात ज्यांच्याकडे जुन्या डिझेल गाड्या आहेत त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, लांब झालंय पण वाचा.

माझी २०११ ची स्कोडा लॉरा आहे, २.० टीडीआय, १४० पीएस. सेकंडहॅन्ड घेतली पण जीव आहे माझा त्या गाडीवर. गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरहून येताना तवंदी घाटात गाडीने एकदम दम सोडला, दोन हजार आरपीएमच्या खाली ओढच नाही, मागून ट्रकवाला हॉर्न मारतोय आणि मी ॲक्सिलरेटर दाबून बसलोय. दुसऱ्या दिवशी हायवेवरच्या एका गॅरेजला नेली, नाव लिहीत नाही कारण तक्रार करायचीय. स्कॅनरला पी०२९९ कोड आला, म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी पडतंय एवढंच. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. मालक म्हणाला, "साहेब, टर्बो गेला."

आता या गाडीतला टर्बो साधा नाही, व्हीजीटी म्हणजे हलत्या पात्यांचा आहे. साध्या टर्बोत छोटा घातला तर खाली, म्हणजे कमी आरपीएमला, लगेच उचलतो पण वर गुदमरतो, मोठा घातला तर वर दणकून चालतो पण खाली झोपतो. व्हीजीटीमध्ये टर्बाइनच्या चाकाभोवती छोट्या हलत्या पात्या असतात. कमी आरपीएमला त्या मिटतात, वाट अरुंद होते, धूर जोरात चाकावर आदळतो. आरपीएम वाढला की पात्या उघडतात. नळाच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबल्यावर पाणी कसं लांब उडतं, तसंच. लॉरात या पात्या व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतून हवा ओढून, हलतात. व्हॅक्यूम आला नाही तर पात्या उघड्याच राहतात आणि गाडी खाली ओढत नाही. हे मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

मालकाने टर्बो खाली काढला, मला बोलावलं आणि पंख्याचा शाफ्ट बोटाने आडवा हलवून दाखवला. "बघा, प्ले आलाय", म्हणजे ढिला झालाय. पाइपमध्ये ऑइल दाखवलं, "सील पण गेलं." मी उद्यमबागेत लेथवर १४ वर्षं काम करतोय, शाफ्ट हलताना दिसला की माझा विश्वास बसणारच. मी व्हिडिओ काढून भावाला पाठवला, आणि तोच व्हिडिओ आज माझ्या कामाला आलाय. वर तो म्हणाला की पोर्शे ९११ टर्बोत हेच टेक्निक असतं म्हणून पार्ट महाग. यात अर्धं खरं आहे आणि त्यानेच माणूस फसतो. पोर्शेने २००६ मध्ये ९११ टर्बोत हलत्या पात्यांचा टर्बो घातला, पण ते पेट्रोल इंजिन, त्याचा धूर हजार डिग्रीच्या आसपास जातो, त्या पात्या टिकायला धातूच वेगळा लागतो. डिझेलचा धूर बराच थंड असतो. तत्त्व तेच, पण पोर्शेच्या धातूचं कारण सांगून लॉराच्या टर्बोची किंमत वाढवायला काही अर्थ नाही.

७२ हजार ठरले. ४० यूपीआयने, बाकी कॅश. जुना टर्बो मागितला तर म्हणे कंपनी परत घेते. बिल म्हणून साध्या कागदावर "टर्बो वर्क" एवढंच, पार्ट नंबर नाही, जीएसटी नाही. मी बसलो होतो तेव्हा तो आतल्या पोराला कन्नडमध्ये ओरडला, "बण्ण हच्च", म्हणजे रंग लाव. मला कन्नड येतं, मी ऐकलं, पण वाटलं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचं असेल.

गाडी घेतली तर काय ओढत होती! सगळ्यांना सांगत सुटलो. दीड महिन्याने आईला घेऊन गोव्याला निघालो आणि चोर्ला घाटात चढावर पूर्ण दाबल्याबरोबर गाडी लिम्प मोडमध्ये, म्हणजे इंजिन वाचवायला गाडी आपोआप ताकद कमी करते तसं. धुकं, अरुंद वळणं, आई देवाचं नाव घेतेय. यावेळी कोड पी०२३४, प्रेशर जास्त.

खानापूरला एक वयस्कर डिझेल मेकॅनिक आहेत, काका म्हणतो त्यांना. त्यांनी टॉर्च लावून खालून बघितलं आणि म्हणाले, "नवा कुठला रे ह्यो, बोल्टाच्या भोकात काजळी हाय की." वरून सिल्व्हर स्प्रे, आत जुनी काजळी. टर्बोवरच्या प्लेटचा नंबर माझ्या व्हिडिओतल्या नंबरशी जुळला, हाउसिंगवरचा म्हणजे बाहेरच्या कवचावरचा टवका पण तोच. मूळ बिघाड फक्त व्हॅक्यूमच्या रबरी नळीचा होता, तिथे नळीचा नवा तुकडा घातलेला दिसला, काही शे रुपयांचं काम. आणि पात्या किती मिटायच्या ते ठरवणारा जो छोटा स्क्रू असतो, फॅक्टरीत सेट करून त्यावर सील लावतात, तो फिरवला होता. पात्या जादा मिटल्या की खाली झटका जोरात बसतो, गिऱ्हाइकाला वाटतं नवा टर्बो, आणि वर प्रेशर हाताबाहेर जातं.

शाफ्टचं पण काकांनीच समजावलं. तो दीड लाखाच्या पुढे आरपीएमने फिरतो, बेअरिंग ऑइलच्या थरावर तरंगतं, म्हणून ऑइल नसताना आडवा थोडा हलणारच. पुढे-मागे हलतोय का आणि पंखा हाउसिंगला घासतोय का ते बघायचं. पाइपमध्ये ऑइलचा पातळ थर पण असतोच. म्हणून टर्बो काढू देण्याआधी एकाला गाडी स्टार्ट करायला लावा आणि ॲक्च्युएटरची, म्हणजे पात्या हलवणाऱ्या डबीची, दांडी बघा. व्हॅक्यूमवाल्या टर्बोत स्टार्ट केल्यावर ती ओढली गेली पाहिजे आणि बंद केल्यावर परत आली पाहिजे. हललीच नाही तर आधी नळ्या, मग सोलेनॉइड (व्हॅक्यूम सोडणारा विजेवरचा व्हॉल्व्ह), मग अडकलेल्या पात्या, टर्बो सगळ्यात शेवटी.

मालकाला व्हिडिओ दाखवला तर म्हणतो मी रीकंडिशन म्हणजे जुनाच दुरुस्त करून सांगितलेलं, नवा कधी म्हणालो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तुमच्यापैकी कुणी त्या पट्ट्यात टर्बो बदलून घेतला असेल आणि बिलावर नुसतं "टर्बो वर्क" लिहिलं असेल तर आधी खाली वाकून बोल्टाची भोकं बघा, टर्बोच्या प्लेटचा फोटो काढा आणि मला कळवा.