विटांच्या भिंतीवर कॅमेरा: थेट भोक की जंक्शन बॉक्स?
सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या शेपटीला, म्हणजे मागून निघणाऱ्या वायरीला, पॉवरचा आणि नेटवर्कचा कनेक्टर लोंबत असतो. लपवायचा असतो तो हा गुंता. कॅमेऱ्यामागेच भोक पाडलं तर बाहेर काहीच दिसत नाही. पण नेटवर्क केबलचा तयार आरजे-४५ कनेक्टर ओवायला साधारण २० मिमीचं भोक लागतं. नऊ इंची भिंतीला ड्रिलचं लांब बिट हवं, आणि भोकाला बाहेरच्या बाजूला उतार नसेल तर पावसाचं पाणी वायरीवरून थेट घरात.

जंक्शन बॉक्स, म्हणजे कॅमेऱ्यामागे भिंतीवर बसणारा वायरींच्या जोडांचा डबा, बोजड दिसतो खरा. पण कनेक्टर आत कोरडे राहतात आणि कॅमेरा बदलताना भिंतीला हात लावावा लागत नाही. कोकणातल्या पावसात मी बॉक्सच लावेन, ग्लँड (वायर आत घ्यायचं पाणीबंद तोंड) खालच्या बाजूला ठेवून. स्क्रूची भोकं शक्यतो विटांमधल्या सांध्यात घ्या, सिमेंटने बुजवता येतात. फुटलेली वीट तशीच दिसत राहते.