‘ड्युटी फ्री’ बाटली आणि गढूळ न झालेलं पाणी

थोरले भावोजी निवृत्त होणार होते. त्यांना शेरी कास्कमध्ये, म्हणजे शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपात, मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की द्यायची, हे मी कधीचं ठरवलं होतं. या व्हिस्कीची गोडी मला त्यांनीच लावली. घोट जिभेवर किती वेळ धरायचा, वास घेताना ओठ किंचित उघडे का ठेवायचे, हे सगळं नौपाड्यातल्या आमच्या गॅलरीत बसून त्यांनी शिकवलं.

मनात होती ॲबरलॉर अबूना ही स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची व्हिस्की. फक्त ओलोरोसो या प्रकारच्या शेरीच्या पिंपांत मुरलेली आणि पाणी न घालता, 60 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली. दुकानातली किंमत ऐकून थबकलो, तेवढ्यात ओळखीच्या एकाने नंबर दिला. "एअरपोर्टवरचा माणूस आहे, ड्युटी फ्रीमधून काढून देतो." माजिवड्याच्या पुलाखाली स्कूटरवरून एक मुलगा आला. कोरा डबा, वर पारदर्शक पिशवी. मी यूपीआयने साडेसात हजार दिले. "काका, अजून पाच आहेत, हव्या तर सांगा," म्हणाला. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला 2 लिटरच दारू करमुक्त आणता येते. मग याच्याकडे एवढ्या बाटल्या आल्या कुठून, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. स्वस्तात मिळतेय या आनंदात पडला नाही.

रात्री भावोजींकडे बाटली उघडली. रंग कोऱ्या चहासारखा, सुरेख. पण रंगाने काहीच सिद्ध होत नाही, स्कॉचमध्ये कॅरॅमलचा रंग घालायला कायद्यानेच मुभा आहे. मनुका, खजूर, संत्र्याची वाळलेली साल, अक्रोड असा वास यायला हवा होता. आला तो व्हॅनिला इसेन्सचा. घोट घेतला तर जीभ भाजलीच नाही. भावोजी काही बोलले नाहीत. त्यांनी ग्लासात व्हिस्कीइतकंच फ्रीजचं पाणी ओतलं आणि ग्लास दिव्यासमोर धरला. "गढूळ होत नाहीये रे." अबूना थंड करून गाळलेली नसते, त्यामुळे तिच्यात तेलकट अंश राहतात आणि गार पाण्याने ती धुरकट होते. हे पाणी काचेसारखं स्वच्छ. मग सील निरखलं, तर खालच्या कडेला गोंदाचा पिवळसर ओघळ.

"आता कुणीही पुढचा घोट घ्यायचा नाही," भावोजी म्हणाले. मुंबईतल्या मालवणीचं 2015 चं विषारी दारूकांड आम्हा दोघांनाही आठवलं. मिथेनॉल या विषारी अल्कोहोलने शंभरहून जास्त माणसं गेली होती.

रीतसर आयात झालेल्या बाटलीवर आयातदाराचं नाव आणि एमआरपी छापलेली असते, दुकानदार बिल देतो. ‘ड्युटी फ्री’ म्हटलं की यातलं काहीच नसणं आपल्याला साहजिक वाटतं. भामट्याला हेच हवं असतं. आणि असा माल विकत घेणं मुळातच बेकायदा, म्हणून फसलेला माणूस गप्प बसतो. मीही चार दिवस गप्प होतो. मग ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला आणि उरलेली बाटली घेऊन राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात गेलो. पैसे परत आलेले नाहीत.

महागड्या व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या डब्यासकट विकत घेणारे लोक आहेत, त्यांतच असला माल भरतात. माझ्या कपाटावर हौसेने जपलेल्या अशा अकरा बाटल्या होत्या. रविवारी लेबलं भिजवून खरवडली, डबे फाडले आणि मगच भंगारवाल्याला दिल्या.