मसाई मारा : "पार्क फी भरलीये ताई, टेन्शन नका घेऊ"

सफारीच्या एजंटने आम्हाला कसं फसवलं ते लिहू की नको करत होते कारण यात आमचा बावळटपणा पण आहे, पण पुढच्या सीझनची बुकिंगं सुरू झालीयेत म्हणून लिहितेच. 2024 च्या ऑगस्टमध्ये मी, नवरा, थोरली बहीण आणि दाजी असे चौघं केनियाला, मसाई माराच्या अभयारण्यात गेलो. दाजी नुकतेच रिटायर झालेले, विल्डबीस्टचे (गायीएवढं हरणासारखं जनावर) कळप नदी ओलांडताना बघायचं हे त्यांनी किती वर्षं मनात धरलेलं. विमानाची तिकिटं आमची आम्ही काढली आणि बाकीचं सगळं पुण्यातल्या एका एजंटकडून, नंबर सोसायटीतल्याच एकांनी दिलेला. माणूस इतका गोड की विचारू नका, दर वाक्याला ताई. मारात 3 रात्री, प्रायव्हेट लँड क्रूझर, पार्कच्या आत टेंट, जेवणखाण, पार्क फी, सगळं धरून माणशी 72 हजार. बाकीचे सव्वा-दीड लाख सांगत होते तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पण आम्हाला वाटलं बाकीचेच लुटतायत.

वर म्हणाला कंपनीच्या खात्यात भरलंत तर जीएसटी आणि 5 टक्के टीसीएस (परदेश टूरवर आधीच कापून घेतात तो टॅक्स) लागेल, त्यापेक्षा मिसेसच्या खात्यावर जीपे करा, तुमचे पैसे वाचवतो. टीसीएस रिटर्न भरताना परत मिळतो हे माझ्या नवऱ्याला चांगलं माहितीये, आयुष्य अकाउंट्समध्ये गेलंय त्याचं, तरी गप्प बसला. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेला इमोजी आला.

नैरोबीत घ्यायला आली ती पांढरी व्हॅन, छत वर उचलणारी. एजंटला मेसेज केला तर म्हणे लँड क्रूझर वाटेतल्या नारोक गावाला उभी आहे, तिथे बदलून मिळेल. नारोक आलं, चहा झाला, नारोक गेलं. चारच्या सुमाराला माराच्या सेकेनानी गेटला पोचलो. मण्यांच्या माळा आणि कडी घेऊन मसाई बायका खिडक्यांना चिकटल्या, बहीण घासाघीस करण्यात रंगलेली, आणि ड्रायव्हर आत जाऊन आला, इंजिन बंद केलं आणि मागे वळून मला म्हणाला, "मामा, नो तिकीट." (तिकडे मोठ्या बाईला मामा म्हणतात, एरवी हसले असते.) आमच्या नावावर एकाही दिवसाची फी भरलेली नव्हती. एजंटला फोन लावला तर स्विच्ड ऑफ, आणि आम्ही घरी येईपर्यंत तसाच.

आता आकडे बघा. परदेशी माणसाला माराची फी जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर, माणशी आणि रोजची. तिकीट सकाळी 6 ते संध्याकाळी 6 असं चालतं, म्हणजे चार वाजता आत गेलात तरी पूर्ण दिवसाचे पैसे. दाजी तर कार्ड काढून उभे होते (गेटवर रोख घेत नाहीत, कार्ड नाहीतर एम-पेसा, म्हणजे तिकडचं मोबाइल पेमेंट), त्या ड्रायव्हरनेच थांबवलं, म्हणाला आज नको, उद्या सकाळी सहाला या. त्याचे उपकार, 800 डॉलर वाचले. तो पण बिचारा फसलेलाच, त्याला दोनच दिवसांच्या डिझेलचे पैसे मिळालेले. आणि आमचा "पार्कच्या आतला" टेंट निघाला गेटच्या बाहेर, जनरेटरच्या शेजारी.

पुढचे दोन दिवस फी आम्हीच भरली, 1600 डॉलर, म्हणजे जवळजवळ 1 लाख 34 हजार. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस झाला आणि व्हॅन रुतली, तिथली माती आपल्या मराठवाड्यासारखीच काळी, भिजली की चाक सोडत नाही. शेजारून लँड क्रूझर चिखल उडवत जातायत आणि आम्ही बसलोय दोरीची वाट बघत. नदीवर कळप दोन तास काठावर उभा राहिला आणि माघारी गेला, पण तो काही एजंटचा दोष नाही.

घरी आल्यावर मी कागदावर मांडलं. 3 दिवसांची फी 600 डॉलर, तेव्हाच्या भावाने 50 हजार. 72 मधून गेले की उरले 22. लँड क्रूझर ड्रायव्हरसकट दिवसाला 200 डॉलरच्या खाली कुणी बोलत नाही, 4 दिवस, चौघांत वाटून माणशी 17 हजार. राहिले 5 हजार, त्यात तीन रात्री, तीन वेळचं जेवण आणि त्याचं कमिशन. भाजी घेताना जेवढा हिशोब करते तेवढा जरी केला असता ना! तुम्ही कोटेशन आलं की पहिली फी वजा करा.

एजंट केनियातल्या कुठल्या कंपनीला काम देतोय ते नाव मागा आणि केनिया असोसिएशन ऑफ टूर ऑपरेटर्सच्या मेंबर लिस्टमध्ये बघा. कॅम्पला स्वतः मेल टाकून विचारा आमच्या नावाचं बुकिंग आहे का आणि कॅम्प गेटच्या आत की बाहेर, "मारात" आणि "माराजवळ" यात फार फरक आहे. गाडी कुठली ते लेखी घ्या. यलो फीव्हरचं इंजेक्शन "काही लागत नाही ताई" असं आमचा एजंट म्हणालेला, आम्ही घेतलं म्हणून बरं, ते निघायच्या 10 दिवस आधी घ्यावं लागतं आणि सर्टिफिकेट नसेल तर परत येताना भारतातच 6 दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. व्हिसाऐवजी आता ईटीए (ऑनलाइन काढायची प्रवासाची परवानगी) आहे, त्याच्या सरकारी साइटच्या पत्त्यात शेवटी "डॉट गो डॉट केई" असतं, दाजींनी गूगलवर वर आलेल्या भलत्याच साइटवर दुपटीहून जास्त भरले.

पोलिसांत अर्ज दिलाय, 1915 ला ग्राहक हेल्पलाइनवर पण तक्रार केली. त्यानंतर एजंटचा फोन सुरू झाला. आत्तापर्यंत 40 हजार आलेत, दहा-दहाच्या हप्त्यांनी, आणि प्रत्येक हप्त्यामागोमाग मेसेज, ताई तेवढं गूगलवरच्या रिव्ह्यूचं बघा ना.